तिघांचं नाही

स्नेहल मढवीची मुलाखत चातुर्मासात आली, ही पहिली अडचण. दुसरी अशी की दिनानाथ सरांना त्याच दिवशी पुण्याला जायचं होतं, त्यामुळे निर्णय जेवणाच्या टेबलावरच उरकायचा असं त्यांनी सकाळीच सांगून टाकलं. आणि चातुर्मासात मी जेवताना बोलत नाही.

हा नेम मला सासूबाईंनी दिला. नियम सोपे आहेत. पानावर बसल्यापासून हात धुईपर्यंत शब्द नाही. खुणा नाहीत, मान हलवणं नाही, कागदावर लिहून दाखवणं नाही. खुणा करणारं मौन म्हणजे आवाज बंद केलेली बडबड, असं सासूबाईंचं म्हणणं. पानात पडेल ते संपवायचं. आणि तोंडातून शब्द गेलाच, तर तिथंच उठायचं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. घरी याचं कोणाला काही वाटत नाही. उलट मी जेवायला बसले की माझ्याबद्दलच्या तक्रारी सगळे निर्धास्त बोलून घेतात.

मी वाशीच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. माझा विषय निर्णय हा आहे. एकटा माणूस कसा ठरवतो आणि चारजण मिळून कसं ठरवतात, दोन्ही. या विषयाकडे मी पुस्तकातून आले नाही, सासरच्या स्वयंपाकघरातून आले. सणाला गोड काय करायचं हे आम्ही तिघी मिळून ठरवायचो. सासूबाईंना आधी पुरणपोळी, मग श्रीखंड, मग बासुंदी. जाऊबाईंना आधी श्रीखंड, मग बासुंदी, शेवटी पुरणपोळी. मला बासुंदी, मग पुरणपोळी, शेवटी श्रीखंड. सासूबाई आधी विचारायच्या, "श्रीखंड की बासुंदी?" श्रीखंड जिंकायचं, दोघींच्या मतानं. मग विचारायच्या, "बरं, श्रीखंड की पुरणपोळी?" पुरणपोळी जिंकायची, तीही दोघींच्या मतानं. वर्षानुवर्षं आमच्याकडे पुरणपोळीच झाली आणि तक्रारीला जागा नव्हती, कारण दर वेळी मतदान झालेलं असायचं. एका दिवाळीला मी सहज म्हटलं, आधी पुरणपोळी की श्रीखंड असं विचारूया का? पुरणपोळी जिंकली. मग पुरणपोळी की बासुंदी? त्या वर्षी बासुंदी झाली. सासूबाई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या.

त्याच गोष्टीचा पुढे प्रबंध झाला. पीएच.डी. मिळाली तेव्हा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "पुरणपोळीवर डॉक्टर झाली आमची. सरकार कशाकशाला पैसे देतं बघा."

नंतर मी थोडंफार लिहिलं. एक पुस्तक झालं, समित्या कशा चुकतात यावर. एक लेख नेमांवर होता. नेम म्हणजे एकदाच घेतलेला निर्णय. रोज सकाळी उठून स्वतःशी घासाघीस करावी लागू नये म्हणून आधीच करून ठेवलेला. पुस्तक फारसं खपलं नाही, पण त्यामुळे मला निवड समित्यांवर बोलावू लागले. म्हणूनच त्या दिवशी मी बेलापूरच्या त्या कॉलेजात, टेकडीकडच्या खोलीत बसले होते. समितीत आम्ही तिघं होतो. अध्यक्ष दिनानाथ सर, अर्थशास्त्राचे, निवृत्तीला आलेले. संस्थेच्या वतीने शर्मिला मॅडम, इंग्रजीच्या. आणि विषयतज्ज्ञ म्हणून मी.

संस्थेने तत्त्वज्ञानासाठी एक पूर्णवेळ पद दिलं होतं, तेही नाइलाजाने. या वर्षी भरलं तर भरलं, नाहीतर विषय बंद करून ती खोली संगणकवाल्यांना द्यायची, असं ठरलं होतं. अर्ज करणाऱ्यांपैकी मुलाखतीला आली ती एकटी स्नेहल. ती पावणे गावातली. कारखान्यांच्या मधोमध ते गाव अजून आहे आणि तिचं घर तिथलं पूर्वीपासूनचं. या कॉलेजात ती कितीतरी वर्षं तासांवर शिकवत होती. तासांवर म्हणजे शिकवलं तेवढ्याचाच पगार, आणि मे महिन्यात काही नाही. पद गेलं असतं तर तासही गेले असते. हे आम्हा तिघांना ठाऊक होतं आणि तिला तर होतंच.

तिचा प्रबंध गावकीवर होता. गावातली माणसं एकत्र बसतात आणि जत्रा, देऊळ, वाट यांचे निर्णय करतात. तिथं मतदान होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, आणि ही पद्धत मतदानापेक्षा कुठं बरी आणि कुठं वाईट, असा तिचा शोध. मला तो आवडला होता. म्हणून मुलाखतीत मी सरळ मुद्द्याला हात घातला.

"एकमत झालंच नाही तर?"

"होतंच मॅडम. होईस्तोवर बसतात."

"आणि कोणी कंटाळून उठून गेलं तर?"

"तर तो उठून गेला. त्याचं मत धरत नाहीत."

"मग उरलेल्यांचं ते एकमत कसं? ज्यांना पटलं नाही ते बाहेर गेले आणि आत राहिले त्यांचं जुळलं, एवढंच ना? एकमतात कोण मोजला जातो, हे कोण ठरवतं?"

ती काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलं होतं तिनं. मग दिनानाथ सरांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "तसंच आहे मॅडम ते." पुढे काही नाही. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.

मला वाईट वाटलं. या विषयातला हाच खरा प्रश्न, आणि तिला तो पडलेलाच नाही असं दिसत होतं.

मुलाखत संपली. संस्थेचा नियम असा की उमेदवार संशोधन, अध्यापन आणि विषयाची पकड या तिन्ही बाबतींत समाधानकारक असला पाहिजे. एकातही कमी पडला तर नेमणूक नाही. जेवणाआधी प्रत्येकाने आपापलं सांगितलं.

दिनानाथ सर म्हणाले, "शिकवते उत्तम. मुलं सांगतात मला. विषयही येतो. पण संशोधन? दोन लेख, दोन्ही मराठीत. याला मी संशोधन म्हणू शकत नाही. माझं नाही."

शर्मिला मॅडम म्हणाल्या, "संशोधन मला चांगलं वाटलं हो, कोणी न केलेलं आहे. विषयाचं ज्ञानही आहे. पण वर्गात बोलते कशी! 'निर्नय', 'कारन'. पोरं हसणार नाहीत? माझं अध्यापनाला नाही."

"पोरं त्याच गावांतली आहेत," सर म्हणाले.

"म्हणून काय झालं? माझं नाहीच."

मी म्हणाले, संशोधन चांगलं, शिकवणंही चांगलं, पण विषयाची पकड नाही. मुख्य प्रश्नाला ती थांबली.

इतक्यात बाबासो डबे घेऊन आले. बाबासो म्हणजे कॉलेजचे हेडक्लार्क. कमिटीचं जेवण ते स्वतः वाढतात, दुसऱ्या कोणावर सोपवत नाहीत. मी हात धुतले, घरचा डबा उघडला, हात जोडले आणि बसले.

"मॅडम आता मौनात गेल्या," सर शर्मिला मॅडमना म्हणाले. "बायका अशा चार महिने गप्प राहिल्या तर देश सुधारेल."

"पुरुष राहिले तर लवकर सुधारेल," शर्मिला मॅडम म्हणाल्या आणि स्वतःच्या डब्यातली भाजी माझ्या पानात वाढली. "दुधी आहे. कांदालसूण काही नाही, बिनधास्त खा."

नको म्हणता येत नव्हतं. त्यांनी आणखी एक डाव वाढला.

दिनानाथ सर भराभर जेवतात. कळंबोलीला ट्रकची रांग लागायच्या आत त्यांना हायवेला लागायचं होतं. ताक पिता पिता ते म्हणाले, "चला, तसं सोपं आहे. माझं नाही, मॅडम तुमचं नाही, अरुणा मॅडमचं नाही. तिघांचं नाही. एकमत! पद रिक्त ठेवायची शिफारस. बरोबर?"

"बरोबर," शर्मिला मॅडम म्हणाल्या. "वाईट वाटतं बिचारीचं, पण काय करणार."

"अरुणा मॅडम? गप्प आहेत म्हणजे बरोबरच." सर हसले. "बाबासो, टाइप करून आणा. सही करून निघतो मी."

बाबासो दाराकडे निघाले.

गप्प बसलं की ऐकावं लागतं, दुसरा उद्योग नसतो. तिघांची उत्तरं मी घासागणिक मनात पुन्हा मांडत होते, आणि दुधीची भाजी संपायच्या आधी मला ते दिसलं. सर फक्त संशोधनाला नाही म्हणाले होते. शर्मिला मॅडम फक्त शिकवण्याला. मी फक्त पकडीला. म्हणजे संशोधन चांगलं असं म्हणणारे दोन. शिकवणं चांगलं म्हणणारे दोन. पकड आहे म्हणणारे दोन. बाब-बाब करून विचारलं तर समितीचं मत तिन्ही ठिकाणी हो येत होतं. माणूस-माणूस करून विचारलं तर तिघांचं नाही. दोन्ही हिशेब बरोबर. आम्ही त्यातला दुसरा धरला तो विचार करून नव्हे; ताक संपत आलं होतं म्हणून.

माझ्या पुस्तकात हा नमुना आहे. तीन न्यायाधीश घेऊन मी तो सविस्तर समजावला आहे. प्रत्यक्षात, माझ्यासकट घडताना, मी तो प्रथमच पाहत होते.

मी लवकर जेवायचा प्रयत्न केला. पण पानात दोन डाव दुधी होता, पोळी होती, भात होता. टाकायचं नाही. बाबासोंची खोली शेजारीच. कागद यायला वेळ लागणार नव्हता, आणि एकदा तीन सह्या झाल्या की त्या मुलीच्या नोकरीचा विचार करायला पुन्हा कोणी बसणार नव्हतं.

नेमाबद्दल मीच लिहिलं होतं की तो दर वेळी नव्याने तपासायचा नसतो. तपासायला लागलो की तो नेम राहत नाही. ते मला आजही पटतं. तेव्हाही पटत होतं. तरी मी हातातला घास पानात ठेवला.

"बाबासो, थांबा."

शर्मिला मॅडमच्या हातातला चमचा खाली पडला. "अगं बाई, मॅडम बोलल्या!"

मी उठले. पान झाकलं. उभ्यानेच बोलले, कारण आता बसायचं नव्हतं.

"सर, उमेदवाराला नकार कळवताना कारण द्यावं लागतं ना?"

"लागतं. नियमच आहे."

"काय कारण द्यायचं?"

"संशोधन अपुरं."

"शर्मिला मॅडम, तुम्हाला संशोधन अपुरं वाटलं?"

"नाही, मला तर आवडलं."

"मलाही पुरेसं वाटलं. मग समितीला ते अपुरं वाटलं, असं कसं लिहिणार?"

सरांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "बरं, मग अध्यापन लिहा."

"अध्यापन उत्तम असं तुम्हीच म्हणालात."

"मग तुमचं ते. पकड."

"ती मला एकटीला वाटली नाही. तुम्हा दोघांना वाटली."

सर म्हणाले, "मॅडम, तुमचा विषय म्हणजे ना, सरळ रस्त्यावर खड्डे खणायचा विषय आहे. तिघांना नको आहे ती!"

"हो. तिघांना नको आहे, पण एकाही कारणावर दोघांचं जुळत नाही. नकाराच्या पत्रात कारण लिहायची जागा कोरी राहणार आहे."

"पण तुमचं स्वतःचं तर नाहीच ना?"

"नाहीच."

"अजूनही?"

"अजूनही. माझं मत बदललेलं नाही, सर. पण आपण तिघं म्हणजे समिती नाही. समितीची बेरीज आपल्याला करायची आहे, आणि कशाची करायची हे आपण ठरवलंच नाही. माणसांची की कारणांची?"

"तुमच्या मते?"

"नोकरी नाकारायची असेल तर कारणांची. कारण त्या मुलीला उद्या भांडायचं झालं तर ती आपल्याशी नाही, आपण दिलेल्या कारणाशी भांडणार. ते हवं ना काहीतरी."

"आणि भांडेल," शर्मिला मॅडम म्हणाल्या. "पावण्याची आहे. माहितीच्या अधिकारात एकेकाचं मत मागून घेईल. मग छापून आणेल, तिघांनी तीन कारणं दिली म्हणून."

दिनानाथ सर मुळात न्यायी माणूस. त्यांना घाई होती, पण घाईत कोणाचं वाटोळं करायची खोड नव्हती. त्यांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग बाबासोंना म्हणाले, "लिहा. संशोधन, समाधानकारक, दोन विरुद्ध एक. अध्यापन, समाधानकारक, दोन विरुद्ध एक. पकड, तेच. शिफारस..." आणि माझ्याकडे वळून, "हसू नका मॅडम. माझ्या आयुष्यात मी कोणाला इतक्या अनिच्छेनं नोकरी दिलेली नाही."

मी हसत नव्हते. मला भूक लागली होती.

घरी गेल्यावर सासूबाईंना न संपलेला डबा दिसला. "बोललीस?"

"बोलले."

"भांडलीस का कोणाशी?"

"थोडंसं. एका मुलीच्या नोकरीवरून."

"मिळाली?"

"मिळाली."

"मग आज पाणी पी आणि झोप," त्या म्हणाल्या. "आणि तो दुधी कोणाचा? असला पांचट आपल्याकडे होत नाही."

नेमणुकीचं पत्र मिळाल्यावर स्नेहल वाशीला मला भेटायला आली, पेढे घेऊन. स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं. खुर्चीत न बसता ती म्हणाली, "मॅडम, तुमच्यामुळं झालं. मला वाटलं होतं त्या प्रश्नावर तुमी मला काढणार."

पेढा माझ्या हातात होता. समितीत काय झालं ते बाहेर सांगायचं नसतं. पण माझं मत माझं होतं, आणि तिनं आभार मानावेत असं ते नव्हतं.

"स्नेहल, माझं मत नाही असंच होतं."

तिचा चेहरा उतरला. "म्हनजे सरांचं आणि शर्मिला मॅडमचं हो होतं?"

मी उत्तर दिलं नाही. ती हळूहळू खुर्चीत बसली.

"त्यांचंही नाही," ती म्हणाली. "तिघांचं नाही. तीन बाबी, तीन मानसं." ती बोटांवर मोजत होती. "प्रत्येकाची नावडती बाब वेगळी! अय्या, मॅडम, हे तर तुमच्या पुस्तकातलं हाय!"

"मी काही बोलले नाही हं."

"नका बोलू." ती हसली, पण लगेच थांबली. "म्हनजे मी कोनालाच नको होते. उद्यापासून त्यांच्यातच चहा पियाचा मला."

"हो. जड जाईल?"

"इतकी वर्षं तासांवर होते तेव्हा कुठं हवी होते?" तिनं पेढ्याचा खोका बंद केला, परत उघडला. "तुमची बाब कुठली, ते कळलं मला. उठून जानाऱ्याचा प्रश्न. मॅडम, त्याचं उत्तर येत होतं मला. दिलं नाय."

"का?"

"उठून जाईल तो आधी बसलेला तरी असतो. गावकीत बाया बसतच नाहीत. मी कधी बसले नाही. मागल्या ओटीवर आयेसोबत बसून भिंतीपलीकडचं ऐकलं सगळं, लहानपनापासून. पीएच.डी. ओटीवर झाली माझी. एकमतात कोन मोजतात, तुमी विचारलंत. आमाला मोजत नाहीत, हे उत्तर."

"मग हे सांगायचंस ना तिथं! हाच तर मुद्दा होता."

"सांगितलं असतं तर दिनानाथ सर काय म्हनाले असते? बाई सभेला कधी हजरच नव्हत्या, मग हे संशोधन कसलं? त्यांचं संशोधनाला आधीच नाही असनार, हे मला माहीत होतं, माझे लेख मराठीत. मग शर्मिला मॅडमही डळमळल्या असत्या. संशोधनात दोन नाही झाले असते, म्हनजे ती बाबच गेली असती. तुमचं एक हो मिळवायला मी तिथं मेले असते." ती शांतपणे सांगत होती, फळ्यावर उदाहरण सोडवावं तशी. "म्हनून तुमाला नाही म्हनू दिलं. लपवलं नाय काही, मॅडम. बाया बसतात का असं कोनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कोनी विचारलंच नाही."

मी उठून जाणाऱ्याचं विचारलं होतं. कधी न बसलेलीचं विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"याला विषयाची पकड म्हणतात," मी म्हणाले.

"मग बदला ना आता तुमचं मत."

"आता नाही बदलता येत. सह्या झाल्या."

"राहू द्या मग," स्नेहल म्हणाली आणि खोका माझ्याकडे सरकवला. "त्याच्यावाचून झालंय माझं. अजून एक घ्या."